आई-बाबा आणि मुलांना घेऊन शिकागोच्या शेड मत्स्यालयात: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मे महिना लागला की नेपरविल, शॉमबर्ग, अरोरा इथल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा येऊन दाखल होतात. पहिला आठवडा झोपेचं गणित जुळवण्यात जातो. मग लेमाँटचं मंदिर होतं, डेव्हन अॅव्हेन्यूवर एक चक्कर होते, आणि शनिवार जवळ आला की प्रश्न पडतो, आता यांना कुठे न्यायचं? सत्तरीचे आजोबा, गुडघे दुखणारी आजी आणि चार वर्षांचं मूल, तिघांचंही मन रमेल अशा जागा फार थोड्या असतात. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगली जागा म्हणजे मिशिगन सरोवराच्या काठावरचं शेड अॅक्वेरियम. आम्ही गेल्या काही वर्षांत तिथे सात-आठ वेळा गेलो. आमची पहिली फेरी फार धावपळीची झाली आणि नंतरच्या सगळ्या सुखाच्या झाल्या. त्यामुळे इथे नवीन आलेल्या कुटुंबांसाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. शेडमध्ये सगळं बघायला जाऊ नका. चार-पाच ठिकाणं निवडा आणि तिथे मनसोक्त थांबा. मासा काचेसमोर यायला वेळ घेतो, आणि आजी-आजोबांनाही एकेक टाकी नीट बघायला वेळ लागतो.

दिवस कुठला निवडायचा

जमलं तर शाळा चालू असतानाचा मधला वार घ्या, मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. सकाळी शाळांच्या सहली असतात, पण दुपारी दीड-दोननंतर गर्दी ओसरते. शनिवार-रविवारच जाणं भाग असेल तर दार उघडायच्या वेळेला पोहोचा. पहिला दीड तास सगळ्यात शांत असतो.

आता महत्त्वाचं. शेडच्या अगदी शेजारी सोल्जर फील्ड आहे, शिकागो बेअर्सचं फुटबॉलचं मैदान. सप्टेंबरपासून थंडीपर्यंत, अनेक रविवारी, तिथे सामने असतात. आमची पहिली फेरी अशाच एका रविवारी पडली. लेक शोअर ड्राइव्हवर पाऊण तास गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. बाबांना मधुमेह, त्यांची जेवणाची वेळ टळली, आणि आत पोहोचेपर्यंत ते इतके थकले होते की पहिल्याच बाकावर बसून राहिले. तेव्हापासून मी आधी सामन्यांचं वेळापत्रक उघडते आणि मग तिकिटं काढते. उन्हाळ्यात त्या मैदानावर मोठे गाण्याचे कार्यक्रमही असतात, तेही बघून घ्या.

२०३० मध्ये मत्स्यालयाला शंभर वर्षं होतील. त्या निमित्ताने आत बरंच नूतनीकरण काढलं आहे, त्यामुळे एखादं दालन अधूनमधून बंद असतं. तुमच्या मुलाला जो प्राणी बघायचाच आहे, त्याचं दालन त्या दिवशी उघडं आहे ना, हे शेडच्या संकेतस्थळावर बघून मगच त्याला शब्द द्या.

तिकीट

तिकीट घरूनच ऑनलाइन काढा. प्रवेशाची वेळ ठरलेली असते आणि तिकिटाचा दर दिवसाप्रमाणे बदलतो. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला तिकीट लागत नाही.

इलिनॉयच्या रहिवाशांसाठी वर्षात बरेच मोफत दिवस आणि मोफत संध्याकाळी असतात. त्यासाठीही ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते आणि जागा पटापट भरतात. दारावर इलिनॉयच्या पत्त्याचा पुरावा दाखवावा लागतो. आपल्या घरांत घोळ होतो तो इथे. भारतातून आलेले आई-बाबा इथले रहिवासी नसतात. त्यामुळे त्यांचं तिकीट विकत काढायची तयारी ठेवा. ऐन दारात त्यांच्यासमोर हा विषय निघाला की त्यांना उगाच अवघडल्यासारखं होतं. 'आमच्यासाठी कशाला एवढे पैसे, आम्ही बाहेर बसतो,' असं म्हणायला ते कमी करत नाहीत.

वर्षातून दोन-तीनदा जायचा विचार असेल तर वार्षिक सभासदत्वाचा हिशोब करून बघा. आम्ही ते घेतलं आणि माझ्या दृष्टीने त्याचा सगळ्यात मोठा फायदा असा की पैसे वसूल करायची घाई उरत नाही. दोन तास बघितलं, कोणी दमलं, की घरी.

जायचं कसं

गाडीने गेलात तर सोल्जर फील्डच्या उत्तरेकडचं पार्किंग जवळ पडतं, पण ते महाग आहे. आजी-आजोबा आणि मुलं असतील तर आधी त्यांना मत्स्यालयाच्या जवळ उतरवा, एक मोठं माणूस त्यांच्यासोबत थांबू द्या, आणि मग गाडी लावायला जा.

नेपरविलकडून येणाऱ्यांना मेट्रा या उपनगरी रेल्वेची बीएनएसएफ मार्गाची गाडी सोयीची. ती युनियन स्टेशनला सोडते. तिथून टॅक्सी केली तर थोड्या वेळात पोहोचता. शहरातून येत असाल तर सीटीएची, म्हणजे शहर वाहतुकीची, १४६ नंबरची बस थेट म्युझियम कॅम्पसला, म्हणजे शेड आणि शेजारची संग्रहालयं आहेत त्या भागात नेते. रेड, ग्रीन आणि ऑरेंज या तिन्ही मार्गांच्या गाड्या रूझवेल्ट स्थानकावर थांबतात, पण तिथून पुढे जवळजवळ एक किलोमीटर चालावं लागतं. तरुणांना ते काहीच वाटत नाही. आमच्या आईंना मात्र मी पुन्हा त्या रस्त्याने नेलं नाही.

मुख्य दर्शनी बाजूला भरपूर पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी पायऱ्या नसलेला प्रवेश आहे आणि आत सगळीकडे लिफ्ट आहेत. दारावरच्या कर्मचाऱ्यांना विचारा, ते अगदी आपुलकीने वाट दाखवतात.

बरोबर काय घ्यायचं

फार काही नको. पाण्याच्या बाटल्या, आजोबांची औषधं, मुलाचा एक जादा शर्ट (हात घालायच्या टाकीपाशी बाही भिजतेच). प्रत्येकासाठी एक जाकीट घ्या, मग जुलै असला तरी. पेंग्विनपाशी आणि बेलुगा या पांढऱ्या देवमाशांच्या दालनात गारवा असतो आणि सरोवरावरचा वारा केव्हा फिरेल सांगता येत नाही. आजींना साडी किंवा पंजाबी ड्रेस चालेल, पण पायात बूट हवेत. चपलांवर दोन तास उभं राहिलं की रात्री पाय चेपावे लागतात.

फोन भरपूर चार्ज केलेला असू दे आणि त्याचा फ्लॅश घरातून निघतानाच बंद करा. माशांच्या डोळ्यांना पापण्या नसतात, त्यामुळे लखकन पडलेल्या उजेडापासून त्यांना डोळे मिटता येत नाहीत. मुलांना हे एवढं सांगितलं की ती स्वतःच शेजारच्यांच्या फोनवर लक्ष ठेवतात.

आत गेल्यावर आधी वर बघा

बहुतेक लोक आत शिरले की सरळ टाक्यांकडे धावतात. तुम्ही पाच मिनिटं इमारत बघा. पांढऱ्या संगमरवराची ही अष्टकोनी वास्तू १९३० साली उघडली. मार्शल फील्ड या शिकागोतल्या मोठ्या दुकानाचे अध्यक्ष जॉन शेड यांनी त्यासाठी तीस लाख डॉलर दिले. ते १९२६ मध्येच वारले, त्यामुळे त्यांना ती उभी राहिलेली बघता आली नाही. भिंतींवर, दिव्यांवर, दारांवर शिंपले, कासवं, मासे अशी नक्षी आहे. मुलांना 'दहा कासवं शोधा' असं सांगून बघा.

आमच्या बाबांना मात्र वेगळीच गोष्ट भावली. बाबा मध्य रेल्वेतून निवृत्त झाले. शिकागोपासून समुद्र शेकडो मैल दूर, मग खाऱ्या पाण्यातले मासे जगवले कसे? तर सुरुवातीला फ्लोरिडातल्या की वेस्टहून रेल्वेच्या टँकर डब्यांतून दहा लाख गॅलन समुद्राचं पाणी इथवर आणलं, म्हणजे जवळजवळ अडतीस लाख लिटर. वीस-वीस डब्यांच्या आठ खेपा झाल्या. मासे आणायलाही 'नॉटिलस' नावाचा खास डबा बांधलेला होता. हे ऐकल्यावर बाबांनी जवळजवळ प्रत्येक टाकीसमोर उभं राहून पाणी किती असेल याचा अंदाज बांधायला घेतला. आता इथलं खारं पाणी इथेच मीठ मिसळून तयार करतात, हे कळल्यावर ते थोडे हिरमुसले.

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा असा एखादा धागा आधीच शोधून ठेवा. कोणाला शेती, कोणाला यंत्रं, कोणाला देवळं. मत्स्यालयात प्रत्येकाला जोडणारं काहीतरी सापडतं.

मधल्या गोल दालनात आता समोरासमोर दोन मोठ्या टाक्या आहेत, एक गोड्या पाण्याची, हिरव्या वनस्पतींनी भरलेली, आणि दुसरी खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची. सुरुवात इथूनच करा. लहान मुलाला दोन्हींतला फरक न सांगता विचारा, त्याला बरंच दिसतं.

अॅमेझॉनचं दालन

अॅमेझॉन नदीचं पाणी पावसाळ्यात कित्येक मीटर चढतं आणि जंगलच पाण्याखाली जातं. मग मासे झाडांमधून पोहतात आणि गळून पडलेली फळं खातात. एका वर्षात नदी कशी चढते आणि उतरते, त्या क्रमाने हे दालन मांडलेलं आहे. इथे अरापायमा नावाचा प्रचंड मासा शोधा. तो हवेतला श्वास घेतो, म्हणून दर थोड्या वेळाने पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. ते एकदा बघायला मिळेपर्यंत हलू नका. दहा-पंधरा मिनिटं उभं राहणं म्हणजे लहान मुलासाठी फार, म्हणून आम्ही घड्याळ लावून 'कोण आधी बघतो' असं ठरवतो.

याच प्रकारे हवेत श्वास घेणारा एक ऑस्ट्रेलियन फुप्फुसमासा शेडमध्ये ऐंशीहून अधिक वर्षं होता. १९३३ मध्ये सिडनीहून आलेला. सगळे त्याला 'ग्रँडडॅड' म्हणत. दिवसचे दिवस तो तळाशी लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून असे, आणि तरी तीन-तीन पिढ्यांची माणसं त्याला भेटायला येत. २०१७ मध्ये तो गेला. ही गोष्ट मी आमच्या मुलीला सांगितली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, 'म्हणजे तो आबांपेक्षा मोठा होता?' हो, आबांपेक्षा बराच मोठा.

वाइल्ड रीफ आणि आजीची यादी

या दालनासाठी सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा. फिलिपिन्सजवळच्या प्रवाळबेटांचं हे दालन खालच्या मजल्यावर आहे, लिफ्टने उतरायचं. प्रकाश कमी असतो. काच काही ठिकाणी डोक्यावरून वळलेली आहे, त्यामुळे शार्क अगदी वरून जातो. चार-पाच वर्षांपेक्षा लहान मूल घाबरू शकतं. त्याला आधी कडेवर घ्या आणि काचेपासून थोडं लांब उभे राहा. दोन मिनिटांत ते स्वतःच खाली उतरायला मागतं.

माझ्या सासूबाई मालवणजवळच्या. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही. इतर संग्रहालयांत त्या आमच्या मागून शांतपणे चालत असत. वाइल्ड रीफमध्ये पहिल्या टाकीसमोर त्या थबकल्या आणि म्हणाल्या, 'ही मोरी.' समोर शार्क होता. मुंबईकडे त्याला मुशी म्हणतात, मालवणात मोरी. मग वाळूला चिकटून सरकणारा स्टिंगरे दिसला. 'ही वागळी. तुमच्याकडे पाकट म्हणतात ना?' दगडाच्या फटीतून तोंड काढलेली ईल बघून, 'ही वामीच्या जातीतली, पण आपली वाम एवढी ठिपक्यांची नसते.' लांब मिशांची शेवंड, तळाशी लपलेला लेप, तांबूस झाक असलेला, तांबोशीसारखा दिसणारा एक मासा. नातीला घेऊन त्या एकेका काचेसमोर उभ्या राहत होत्या आणि ती प्रत्येक नाव मोठ्याने म्हणत होती. शेजारी एक अमेरिकन आजोबा आपल्या नातवाला पाटीवरचं नाव वाचून दाखवत होते. त्यांनी मला विचारलं, या काय म्हणतात? मी सांगितलं. मग त्यांचा नातूही 'वागळी' म्हणायला लागला.

मासे सगळेच आपल्या किनाऱ्यावरचे नसतात हे खरं. बरेचसे आपल्याकडच्या माशांचे चुलतभाऊ असतात, नाव त्या घराण्याचं. चालतं. एक कागद आणि पेन बरोबर न्या आणि आजी-आजोबा जी नावं सांगतील ती मुलाकडून लिहून घ्या, गावाकडचं नावही चालेल. इथे वाढणाऱ्या मुलांना मराठी फळांची आणि भाज्यांची नावं माहीत असतात, माशांची नसतात. 'हा कालवणाला चांगला', 'हा तळून खायचा' असं आजी म्हणाल्या तर त्यांना अडवू नका. त्यांचं समुद्राशी नातं तेच आहे. आणि मासे न खाणाऱ्या घरातल्या आजी असतील तर त्यांना समुद्रघोड्यांच्या टाकीपाशी न्या. पिल्लं नराच्या पोटाच्या पिशवीत वाढतात आणि नरच त्यांना जन्म देतो. ही गोष्ट आजीच नातवंडांना सांगू द्या.

आपल्या आई-बाबांच्या पिढीतल्या पुष्कळांनी लहानपणी मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलेलं असतं, ते १९५१ पासूनचं. त्या आठवणी इथे हमखास निघतात. तेव्हा घाई करू नका, बाकावर बसून ऐका.

बेलुगा, ऑटर, पेंग्विन

ओशनेरियम हा भाग १९९१ मध्ये जोडला. त्याला मोठाल्या काचा आहेत आणि त्यांच्यापलीकडे मिशिगन सरोवर पसरलेलं दिसतं, त्यामुळे आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकच वाटतं. समोर पायऱ्यापायऱ्यांची बसायची जागा आहे. आजी-आजोबांना विसावा द्यायला ही सगळ्यात चांगली जागा. त्यांना इथे बसवा आणि मुलांना घेऊन तुम्ही इकडेतिकडे फिरून या.

बेलुगा हे आर्क्टिक समुद्रातले पांढरे देवमासे. जन्मतः ते करडे असतात, वाढत जातील तसे पांढरे होतात. पाठीवर उंच पर नसतो, त्यामुळे त्यांना बर्फाच्या थराखालून पोहता येतं. त्यांच्या मानेचे मणके एकमेकांना जुळलेले नसतात, म्हणून माणसासारखी मान वळवून ते बघू शकतात. वरून नुसती पांढरी पाठ दिसते, खरं बघायचं तर खालच्या मजल्यावरच्या काचेपाशी जा. आमची धाकटी तिथे उभी होती. एक बेलुगा आला, थांबला, मान थोडी तिरकी केली आणि तिच्याकडे बघत राहिला. तिनेही मान तिरकी केली. कोणी काही बोललं नाही. तो वळून गेल्यावर तिने काचेवर हात ठेवला, तिथे तिच्या श्वासाची वाफ जमलेली होती.

ऑटरना, म्हणजे समुद्री पाणमांजरांना, खायला घालायची वेळ साधता आली तर उत्तम. त्यांच्या अंगावर चरबीचा थर नसतो. थंडीपासून बचाव होतो तो फक्त दाट केसांनी, आणि ऊब टिकवायला त्यांना रोज वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा खावं लागतं. १९८९ साली अलास्कात तेलवाहू जहाजातून तेल सांडलं, तेव्हा वाचवलेली काही पिल्लं शेडमध्येच वाढली. पेंग्विन खालीच आहेत. मार्च २०२० मध्ये सगळं बंद असताना शेडचे पेंग्विन रिकाम्या दालनांतून हिंडताना जगभर दिसले, ते हेच.

बाहेरच्या गच्चीवर उन्हाळ्यात स्टिंगरेंना हात लावायची टाकी असते. हात ओला करून, दोन बोटं सपाट, पाठीवरून हलकेच. त्यांचा पाठलाग करायचा नाही, ते आपणहून काठाशी येतात. अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा आणि नंतर साबणाने हात धुवा. थंडीत गेलात तर आत ग्रेट लेक्सच्या, म्हणजे मिशिगन आणि त्याच्या जोडीच्या मोठ्या सरोवरांच्या, दालनात स्टर्जन माशांच्या टाकीत हात घालता येतो. त्यांच्या माद्या शंभर वर्षांहूनही जास्त जगू शकतात. आपल्या घरामागच्या सरोवरात असा मासा आहे हे मुलांना कळायला हवं, त्यामुळे एवढ्यासाठी तरी हे दालन चुकवू नका.

खाणं

आत फूड कोर्ट आहे, पण शाकाहारी माणसाला निवड कमी आणि दर जास्त. मी सकाळी दशम्या, दाण्याची चटणी आणि दह्याचा डबा करून नेते. हवा चांगली असेल तर बाहेर सरोवराच्या काठी हिरवळीवर चादर पसरतो. समोर शिकागोच्या उंच इमारती, डावी-उजवीकडे होड्या. सीगल पक्षी फार धीट आहेत, डबा उघडा ठेवू नका. जेवून परत आत जायचं असेल तर बाहेर पडतानाच दारावर तसं विचारून घ्या.

जेवणानंतर शेजारचं फील्ड म्युझियम आणि अॅडलर तारांगणही 'आलोच आहोत तर' म्हणून उरकू नका. ती वेगळ्या दिवसाची कामं आहेत. फार तर अॅडलरच्या टोकापर्यंत चालत जा. तिथून शहराचा जो देखावा दिसतो तो आई-बाबांच्या फोनमध्ये हमखास असायला हवा.

परतताना

आजी-आजोबांना आणखी एक जागा दाखवायची असते, आणि त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही. गाडीने मिशिगन अॅव्हेन्यूवरून उत्तरेकडे निघा. थोड्या वेळाने उजव्या हाताला कांस्याचे दोन सिंह दिसतील, ते आर्ट इन्स्टिट्यूट. स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ ला सर्वधर्म परिषदेत भाषण केलं ते याच इमारतीत. रस्त्याच्या त्या भागाला त्यांचं नाव दिलेलं आहे, खांबावर पाटी आहे. तिथे गाडी थांबवता येत नाही, त्यामुळे बघणाऱ्यांना आधीच उजव्या बाजूच्या खिडकीशी बसवा आणि सिंह दिसायच्या एक चौक आधी सांगा.